पट्टीवरचा दुसरा श्वास

शाल्मलीला जाऊन चौदा दिवस झाले होते. त्या सकाळी रेवती खटावकर प्रयोगशाळेत आली आणि तिनं नणंदेची श्वासपट्टी कागदी पाकिटातून काढून टेबलावर ठेवली.

पट्टी म्हणजे बोटाच्या पेराएवढा काळसर तुकडा. गळ्यातल्या साखळीत ओवायचा, हनुवटीच्या खाली येईल असा. तीस हजार माणसांच्या गळ्यात अशा पट्ट्या होत्या आणि सगळ्या अगदी सारख्या. शाल्मलीनं मात्र आपल्या पट्टीच्या दोन्ही अंगांना पोवळ्याचे मणी लावून घेतले होते. "आजारपण गळ्यात घालायचंच तर जरा नटवून तरी घालू दे की," असं तिचं म्हणणं.

"आज कशाला आलात?" पलीकडच्या खुर्चीवरून डॉ. शेवड्यांनी विचारलं. सत्तरी ओलांडलेला हा माणूस कार्बनच्या नळ्यांवर तीस वर्षं काम करत होता आणि रेवतीला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. "हे मी बघतो, रेवतीबाई. तुम्ही आठ दिवस घरी राहा."

"घरी राहून काय करू, सर? आई जेवत नाहीत, ते बघत बसू?"

"अजून नाही जेवत?"

"मी हट्ट धरला तर दोन घोट दूध घेतात. पोळीचा तुकडा तोंडात घालतात आणि तसाच काढून ताटाच्या कडेला ठेवतात. काल निरंजन रागावला, रडला, आईच्या पायाशी बसला. काही नाही."

 शेवड्यांनी उठून यंत्र सुरू केलं आणि पट्टी त्याच्या खोबणीत बसवली.

या पट्टीत काय होतं ते आधी सांगायला हवं. पेन्सिलीच्या शिशात असतो तोच कार्बन, पण त्याचा एकाच अणूइतका जाड पापुद्रा घेतला आणि त्याची सुरळी केली, तर एक नळी तयार होते. माणसाचा केस अशा नळीच्या पन्नास हजार पट तरी जाड भरेल. अशा नळीला आतलं अंग असं नसतंच. तिचा प्रत्येक अणू बाहेर, वाऱ्यावर उभा असतो. त्यामुळे श्वासातला एखादा रेणू येऊन तिला नुसता टेकला तरी तिच्यातून वाहणारी वीज किंचित बदलते. पट्टीत अशा नळ्यांचे सोळा गठ्ठे होते आणि प्रत्येकावर निराळ्या रसायनाचा लेप. कुठला लेप अ‍ॅसिटोनला चटकन धरे, कुठला अमोनियाला, कुठला तेलकट वासांना. सोळा जणांची साक्ष एकत्र केली की श्वासात काय काय आहे ते कळे. शेजारच्या घरात फोडणी पडली की बाई आपल्या ओट्याशी उभी राहून सांगते ना, हिंग जास्त झाला, कढीपत्ता करपला, तसंच काहीसं.

आणि हे सगळं मुळात शाल्मलीसाठी सुरू झालं होतं.

रेवती लग्न होऊन कऱ्हाडच्या त्या घरात आली तेव्हा धाकटी नणंद नऊ वर्षांची होती. पंधरा दिवसांत ती एकाएकी सुकली, सारखं पाणी मागू लागली आणि दवाखान्यात कळलं की तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. जन्मभर टोचून घ्यावं लागणार. सासूबाईंना, इंदुमतीबाईंना, सुई बघवत नसे. त्या देवघरात जाऊन पाठ फिरवून बसत. पहिली सुई टोचली ती नव्या नवरीनं, हातावरची मेंदी पुरती गेली नव्हती तेव्हा.

"वहिनी, तुम्ही एवढं शिकलात," दहा वर्षांची शाल्मली एकदा बोट चोखत म्हणाली होती, "तर नुसता श्वास सोडला की कळेल असं काहीतरी काढा ना."

साखर मोजायची यंत्रं तोवर पुष्कळ निघाली होती. पण शरीरातलं इन्सुलिन संपलं की ते साखर वापरूच शकत नाही, चरबी जाळत सुटतं आणि रक्त आंबट होत जातं. तो खरा धोका. त्याची पहिली खूण श्वासात येते, अ‍ॅसिटोन म्हणून. निरोग्याच्या श्वासात दहा लाख भागांत एखादा भाग अ‍ॅसिटोन असतो. तो पाचावर गेला की पट्टी वाजायची. कर्कश वाजायची.

"माझी आत्याबाई ओरडली बघा," शाल्मली म्हणायची. "हिच्या देखत एक गोष्ट मनासारखी करायची सोय नाही."

एवढ्यात यंत्राच्या पडद्यावर रेघा उमटू लागल्या. हरतालिकेचा दिवस. रेवतीनं खुर्ची पुढे ओढली.

"उपवासाची कळ दाबलेली आहे," शेवडे हळूच म्हणाले.

ते तिला माहीतच होतं. कळ दाबलेली नसती तर शाल्मली आज घरी असती.

ती कळ रेवतीनंच पट्टीत घातली होती. चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात, पट्ट्या नुकत्याच गावोगाव गेल्या होत्या तेव्हा, प्रयोगशाळेतला फोन खाली ठेवायला फुरसत नव्हती. माणूस उपाशी राहिला की तोही चरबी जाळतो, त्याच्याही श्वासात अ‍ॅसिटोन वाढतं. त्यात धोका काही नसतो. पण पट्टीला ते कळत नव्हतं.

"अहो म्याडम, तुमच्या यंत्राला सांगा, आज माझा सोमवार हाय," एक बाई इस्लामपूरहून ओरडून सांगत होती. "पूजेला बसले की ठणाणा करतंय."

"आमचे हे म्हणतात, उपवास तुझा आणि बोंब तिची," दुसरी.

बऱ्याच जणींनी पट्टी काढून फडताळात ठेवून दिली. रेवतीला ते समजत होतं. तिची स्वतःची एकादशी कधी चुकली नव्हती, संकष्टी चुकली नव्हती. देवापुढे डोळे मिटून बसलेल्या बाईच्या गळ्यात काही वाजू लागलं तर तिला काय वाटत असेल, हे पट्ट्यांना मंजुरी देणाऱ्या समितीतल्या कुणाला सांगून कळलं नसतं. म्हणून ती वर्षभर स्वतः पट्टी घालून उपवास करत राहिली. दोनशे बायकांच्या उपवासाच्या रेघा तिनं जमवल्या आणि पट्टीच्या मागच्या अंगाला दिव्याच्या ज्योतीसारखी उंचवट्याची एक खूण बसवली. ती दाबून धरली की पट्टी दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत शांत राहायची. अ‍ॅसिटोन पन्नासावर गेलं तरच वाजायची.

त्या दोनशे बायकांत इन्सुलिन टोचून घेणारी एकही नव्हती. समितीनं विचारलं होतं, अशा रुग्णांचं काय? डॉक्टरांनी लिहून दिलं, आम्ही त्यांना उपवासाला मनाई करतो. मनाई केलेली गोष्ट कुणी करत नाही असं कागदावर धरून चालले सगळे. रेवतीही. व्रत करणाऱ्या बायका डॉक्टरांना काय काय सांगत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिनं सही केली.

यंदाच्या श्रावणात शाल्मलीला मिरजेचं स्थळ आलं. आजार माहीत असूनही त्यांनी होकार कळवला, तेव्हा इंदुमतीबाई देवापुढे किती वेळ डोकं टेकून होत्या. मग त्यांनी ठरवलं, पोरीनं यंदा हरतालिका करायची. निर्जळी.

"आई, नको," रेवती म्हणाली होती. "तिनं जेवून पूजा करावी. देवी रागावायची नाही."

"तू केलंस की ते व्रत, आणि माझ्या लेकीनं केलं की खूळ?"

"माझं शरीर निराळं आहे, आई."

"तुमचं दोघींचं ठरलं की मला सांगा," शाल्मली पायाच्या नखांना रंग लावता लावता म्हणाली. "मग मी पोटाला कळवते."

ठरलं असं रेवतीला वाटलं होतं. हरतालिकेच्या दिवशी सकाळी सातला ती सांगलीला बैठकीसाठी निघून गेली. आदल्या संध्याकाळी शाल्मलीनं इन्सुलिन घेतलंच नव्हतं, हे नंतर कळलं. उद्या काही खायचंच नाही तर टोचायचं कशाला, असा साधा हिशोब तिनं केला असावा. मुलगी बघायला येणाऱ्यांच्या नजरेस पडू नये म्हणून दंडावरचा साखरेचा सेन्सर आठवड्यापूर्वीच काढलेला. उरली होती एकटी पट्टी.

दुपारी तिला उलट्या झाल्या. उपवासाचं पित्त आहे, पूजेला आलेल्या सगळ्या म्हणाल्या. वाळूच्या पिंडीवर पत्री वाहून ती भिंतीला टेकून बसली ती बसलीच. पाच वाजता पट्टी वाजली तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती. निरंजननं बहिणीला दोन्ही हातांवर उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

पडद्यावरची रेघ हे सगळं शब्दांवाचून सांगत होती. आठ वाजून दहा मिनिटांनी पाचावर. सतरा वाजून चार मिनिटांनी पन्नासावर. मध्ये नऊ तासांना थोडी कमी अशी चढण.

"नऊ तास," रेवती म्हणाली. "मी दिलेले."

"कळ किती वाजता दाबली?"

"सहा बारा."

"तिनंच?"

"झोपलेली होती, सर. रेघ बघा ना, किती संथ आहे. जागं माणूस असा श्वास घेत नाही."

शेवड्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पट्टी जवळच्या इतर माणसांचे श्वास कचरा समजून पुसून टाकते, पण मूळ सोळा रेघांत ते तसेच राहतात. रेवतीनं त्या उघडल्या. सहा वाजून बारा मिनिटांनी शाल्मलीच्या श्वासावर दुसरा एक श्वास आला होता. अकरा सेकंद. कुणीतरी तिच्यावर वाकलं होतं, अगदी जवळ. चौथी, नववी आणि तेरावी रेघ झपकन वर गेली होती.

"तेलकट वास आहे," शेवडे पुटपुटले. पट्टीची भाषा त्यांना अक्षरासारखी वाचता येई. "युजेनॉल. म्हणजे लवंग. तुमच्याकडे सकाळी सकाळी लवंग कोण..."

ते थांबले. रेवतीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना पुढचं विचारवेना.

"आई," ती म्हणाली. "दाढेत धरतात. उठल्या की पहिली लवंग. त्यांच्याही गळ्यात पट्टी आहे, सर, म्हातारपणच्या साखरेसाठी. कळ कशी दाबायची ते मीच शिकवलं त्यांना. त्यांचं बोट धरून. म्हटलं, उपवास असला की एवढं दाबायचं, आई, मग ती तुम्हाला त्रास देणार नाही."



"अहवालात हे यायला हवं," शेवडे म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "मला कळतं तुम्हाला काय होतंय ते. पण अजून किती मुलींच्या गळ्यात पट्टी आहे? आई दाबेल, सासू दाबेल, प्रेमानंच दाबतील. हे लपवलं तर समिती म्हणेल मुलीनंच दाबली, मुलींना समज द्या. आणि पुढच्या श्रावणात पुन्हा."

"लपवायचं नाही."

"मग?"

"दुसऱ्या माणसानं दाबली, एवढं लिहू. घरातल्याच. ते खरंच आहे. पट्टीला इतकंच कळायला हवं की पुढ्यातला श्वास जिच्या गळ्यात ती आहे तिचाच आहे का. नसला, तर कळ लागू नये. आणि जी इन्सुलिनवर आहे तिला कळच नको. कोणाचं बोट होतं, याचा पट्टीला काय उपयोग, सर?"

शेवड्यांनी मान हलवली. मग विचारलं, "त्यांना माहीत आहे का? आईंना?"

 रेवतीनं पडद्यावर दुसरंच पान उघडलं. इंदुमतीबाईंच्या स्वतःच्या पट्टीचं. पट्टीचा आवाज बंद करून रोज सकाळी ती घरूनच हे पान बघत आली होती. पहिल्या दिवशी नऊ. मग चौदा. बावीस. आज एकतीस. उपवासाच्या शेकडो रेघा रेवतीनं आयुष्यात पाहिल्या होत्या. ती रेघ संध्याकाळपर्यंत चढते आणि पारण्याचा घास पोटात गेला की उतरते. ही उतरतच नव्हती. हा उपवास नव्हता. एक बाई आपल्याच घरात, सगळ्यांच्या देखत, हळूहळू स्वतःला विझवत होती.

"माहीत आहे त्यांना," रेवती म्हणाली.

अहवाल गेला. समितीनं घाई केली, हे त्यांचे उपकारच म्हणायला हवेत. पण ते आठ दिवस रेवतीला युगासारखे गेले. घरचे डॉक्टर म्हणाले, अजून आठवडाभर असंच चाललं तर नळीनं भरवावं लागेल आणि या वयात मूत्रपिंडं किती साथ देतील ते सांगता येत नाही. रेवतीनं मऊ भात केला, मेतकूट कालवलं, पेज केली, ज्वारीच्या लाह्यांचं पीठ ताकात भिजवलं. इंदुमतीबाई सगळ्याकडे पाहत आणि म्हणत, "ठेव तिथं. घेईन मग." शाल्मलीचं नाव घेत नव्हत्या. डोळ्यांतून पाणी काढत नव्हत्या. देवघरात तर गेल्याच नव्हत्या इतक्या दिवसांत. देवाची पूजा रेवती करत होती आणि हात जोडले की तिला काय मागावं ते सुचत नव्हतं.

एकदा तिनं बोलून बघितलं.

"आई, चूक माझ्या कळीची होती. मी घातली ती."

इंदुमतीबाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कळ काय करते, बाई," त्या म्हणाल्या. "कळ आपण होऊन थोडीच लागते."

खरं सांगावं? तुमचंच बोट होतं असं म्हणावं आणि मग पोटाशी धरावं? ते तर त्या स्वतःच स्वतःला दिवसातून शंभरदा सांगत होत्या. गप्प राहावं? गप्प राहूनच बावीस दिवस झाले होते. रेवतीला कळून चुकलं की या बाईला आता खऱ्यानं किंवा मौनानं वाचवता येणार नाही.

नवव्या दिवशी दुपारी समितीची सूचना आली. ज्यांच्या गळ्यात पट्टी होती त्या सगळ्यांच्या घरी ती गेली, तशीच इंदुमतीबाईंच्या नावानंही आली. जेवणं व्हायची होती. रेवतीनं तिघांची पानं मांडली होती. निरंजननं पाकीट फोडलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आईचं टपाल तो नेहमी असंच वाचून दाखवायचा.

"पट्टीच्या मागील बाजूस असलेली उपवासाची कळ तातडीनं बंद करण्यात येत आहे. एका घरात, पट्टी घातलेली मुलगी झोपेत असताना घरातील दुसऱ्या व्यक्तीनं..."

त्याचा आवाज अडला. पुढचं त्यानं मनात वाचलं. मग कागद खाली केला.

"दुसऱ्या व्यक्तीनं म्हणजे?" तो म्हणाला. "रेवती, हे आपल्या शालूचं आहे का?"

"हो."

"दुसरी व्यक्ती कोण?"

इंदुमतीबाईंचा हात ताटापाशी होता. तो तिथेच राहिला.  आठवड्यापूर्वी रेवतीनं पाहिलेली ती रेघ आता त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती, गालांच्या खोबणीत, गळ्याच्या शिरांत.

"मी," रेवती म्हणाली.

"तू?"

"पाचला उठले होते. आंघोळीचं पाणी लावायला. ती झोपली होती. मला वाटलं, मी नको म्हटलं तरी ही चोरून करणारच उपवास. निदान पूजेत वाजायला नको. म्हणून दाबली आणि गेले सांगलीला."

खोटं बोलणं इतकं सोपं असतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं. वाक्यं आपली आपण येत होती, नीट पाठ केल्यासारखी.

"तूच मनाई केलीस," निरंजन म्हणाला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तूच ते यंत्र केलंस. तुला कळत होतं. आमच्यापैकी कुणाला कळत नव्हतं, रेवती, पण तुला कळत होतं."

"हो."

"आणि इतके दिवस तू..."  तो बहिणीला उचलून नेलेले आपले दोन हात बघत बसला.

"पाचला?" इंदुमतीबाई म्हणाल्या.

इतक्या दिवसांत त्यांनी आपण होऊन विचारलेली ती पहिली गोष्ट होती.

"पाचला, आई. उजाडायच्या आधी. तुम्ही उठायच्या आधी."

"आणि मग नंतर..." त्यांनी पदर मुठीत आवळला. "नंतर कुणी पुन्हा दाबली असती तर?"

"तर काही झालं नसतं."

"काहीच?"

"काहीच नाही. एकदा लागली की ती दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत लागलेलीच. जळत्या दिव्याला पुन्हा काडी लावली तर काय होतं, आई? तसंच."

इंदुमतीबाई तिच्याकडे बघत राहिल्या. रेवतीनंही नजर काढून घेतली नाही. समोर बसलेल्या त्या चेहऱ्यात काहीतरी सुटत गेलं, आधी कपाळाशी, मग डोळ्यांशी, मग सगळीकडेच. आणि चौदा, पंधरा, वीस दिवस न रडलेली ती बाई एकदम तोंडावर पदर घेऊन रडू लागली. "शालू गं," एवढंच. पुन्हा पुन्हा तेवढंच. निरंजन उठून आईशेजारी जाऊन बसला. रेवतीनं पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तो हात इंदुमतीबाईंनी झटकून टाकला.

"हात लावू नकोस मला," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण त्यात बळ होतं. इतक्या दिवसांत नव्हतं एवढं. "माझ्या पोरीनं तुला वहिनी मानलं नाही कधी, आईसारखं धरलं. तुझ्याशिवाय कुणाच्या हातून सुई टोचून घ्यायची नाही. आणि तू? झोपलेल्या पोरीच्या गळ्याशी हात घातलास? देवापुढे बसतेस ना रोज? काय सांगतेस त्याला?"

"आई, पुरे," निरंजन म्हणाला.

"का पुरे? का म्हणून पुरे? बावीस दिवस माझ्यापुढे ताट सरकवत होती. जेवा आई, जेवा आई. कुठल्या तोंडानं म्हणत होतीस गं?"

रेवती मागे सरली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सगळं ती ऐकत होती. प्रत्येक शब्द अंगावर येत होता आणि प्रत्येक शब्दाबरोबर आईंच्या अंगात थोडं थोडं रक्त परत येत होतं, हेही तिला दिसत होतं. माणसाला जगायला काहीतरी धरायला लागतं. लेक तर गेली. धरायला राग मिळाला, तर रागच सही. तो राग आता उद्या शेजारी सांगितला जाईल, परवा मिरजेला कळेल, पुढच्या वर्षी श्राद्धाला पुन्हा उजळेल. निरंजन आजपासून तिच्याशी कामापुरतं बोलेल. खरं त्याला कधी सांगता येणार नाही, कारण ते त्याच्या तोंडून आईपर्यंत गेलं तर सगळंच फुकट जाईल. हे सगळं तिनं प्रयोगशाळेतून घरी येता येता मोजून घेतलं होतं. एक गोष्ट मात्र मोजायची राहिली होती. शाल्मलीसाठी आता तिला कुणाच्या गळ्यात पडून रडता येणार नव्हतं. या घरात तो हक्क तिचा राहिला नव्हता.

रडणं ओसरलं. इंदुमतीबाईंनी डोळे पुसले. त्यांनी भाताचा लहानसा घास केला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला. चावला. गिळला.

निरंजन श्वास रोखून बघत होता. त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा. मध्ये थांबून पाणी प्यायल्या. पानातला भात संपला तेव्हा त्या ताटाकडे बघत राहिल्या, जणू एवढा भात कुणी खाल्ला ते त्यांना उमगत नव्हतं.

रेवती नकळत पुढे झाली आणि भाताचं पातेलं उचललं. तिनं वाढायला हात लांब केला तसा इंदुमतीबाईंनी आपला तळवा ताटावर आडवा धरला.

"तू नको," त्या म्हणाल्या. "निरंजन, तू वाढ."

निरंजननं तिच्या हातातून पातेलं घेतलं. तिच्याकडे न बघता. रेवती पुन्हा दारापर्यंत मागे गेली. भात वाढला गेला, वर वरण पडलं आणि आईंचा हात पुन्हा ताटात गेला.

ती चौकटीला टेकून उभी राहिली आणि मनात मोजू लागली. सातवा घास. आठवा. नववा.